शेपटीजवळची दोन अक्षरे

दिल्लीहून गुरुग्रामकडे निघाले की रंगपुरीजवळ महामार्गालगत शंकराची उंच मूर्ती दिसते. पालमवर उतरणारी विमाने इथे इतकी खाली येतात की गाडीतली मुले काचेला नाक लावून बसतात. एअर इंडियाने २०२३ मध्ये नवे रंगरूप जाहीर केले. पण शेपटीजवळच्या नोंदणीतली ‘व्ही. टी.’ ही अक्षरे बदलणे कंपनीच्या हाती नसते.

‘व्ही. टी.’ म्हणजे ‘व्हाइसरॉय टेरिटरी’, गुलामीची खूण, असा अनेकांचा समज. संसदेत प्रश्न झाले, २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिकाही आली. मूळ गोष्ट साधी आहे. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत ब्रिटिश साम्राज्यातील अनेक देशांना ‘व्ही’ची अक्षरे मिळाली. ऑस्ट्रेलियाची विमाने आजही ‘व्ही. एच.’ मिरवतात. जे.आर.डी. टाटा १९३२ मध्ये कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या विमानावरही ‘व्ही. टी.’च होते.

तरी सल उरतेच. पाकिस्तानने ‘ए. पी.’ घेतले, श्रीलंकेने ‘४ आर’. भारतासाठी ‘बी’ घ्यावे तर ते चीनकडे, ‘आय’ इटलीकडे! शिवाय प्रत्येक विमान पुन्हा रंगवायचे, सारी कागदपत्रे नव्याने करायची. तोवर विमान जमिनीवरच.