गट्ट्यांचं पाणी

आवळ्याची भाजी काळी झाली तेव्हा माझा पहिला संशय कढईवर गेला, दुसरा तेलावर आणि तिसरा बगरूच्या पाण्यावर. परगावी काही बिघडलं की पाण्याला नावं ठेवायची आपली जुनी खोड. फेब्रुवारी संपत आला होता, बाजारात आवळे उतरले होते, वीस रुपयांत अर्धा किलो मिळाले. ते उकडले, बिया काढल्या, मेथ्या-बडीशेपेच्या फोडणीत टाकले, गुळाचा खडा घातला आणि झाकण ठेवलं. तेवढ्यात आईचा फोन आला. बोलून परत येते तो कढईत डांबर. चव खरं तर छान होती, पण रंग असा की ताटात वाढायची लाज वाटावी.

कढई तशीच घेऊन मी जिना उतरले. घरमालकीण चाचीजी अंगणात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि नळावर ठसे धूत बसलेल्या चाचाजींना हाक मारली, "अजी देखो, बाई ने तो स्याही बना ली!"

आधी या 'बाई'बद्दल सांगते. पहिले आठ दिवस मला ती हाक खटकायची. आमच्या इचलकरंजीत बाई म्हणजे शाळेतल्या नाहीतर भांडी घासायला येणाऱ्या. इकडे लेकीला, बहिणीला बाई म्हणतात हे कळल्यावर मात्र त्या हाकेची सवय लागली.

आणि स्याही. बगरूच्या छपाईतला काळा रंग तो हाच. गंजकं लोखंड आणि गूळ पाण्यात घालून माठ पंधरा-वीस दिवस मुरवत ठेवतात. छापायचं कापड आधी हरड्याच्या, म्हणजे आपल्या हिरड्याच्या, पाण्यातून काढलेलं असतं. त्याला फिकट पिवळी झाक असते. त्यावर स्याहीचा ठसा बसला की हिरड्यातलं टॅनिन आणि माठातलं लोह एकत्र येतं आणि नक्षी काळी होते. आवळ्यातही टॅनिन भरपूर, माझी कढई लोखंडाची, वर मी गूळही घातलेला. हे सगळं समीकरण वहीत लिहून, खाली दोन रेघा मारून, मला तीन आठवडे झाले होते. कढईत ते मला ओळखू आलं नाही. चाचीजींनी भाजी फेकू दिली नाही. वाटीभर काढून घेतली, बाजरीच्या रोटीबरोबर खाल्ली आणि म्हणाल्या, "फेंकने का क्या है इसमें? लोहा है, अच्छा है."

बगरू जयपूरहून अजमेरच्या रस्त्यावर तीसेक किलोमीटरवर. हायवेवरून जाणाऱ्याला ढाबे आणि ट्रक दिसतात. आत छीपा, म्हणजे कापड छापणाऱ्यांच्या, मोहल्ल्यात शिरलं की गच्चीगच्चीवर, मैदानात, मिळेल त्या जागी वाळत घातलेलं कापड. मी तिथं सहा महिने छपाई शिकायला गेले होते. विद्यावेतन नऊ हजार. त्यातले अडीच गच्चीवरच्या खोलीचे, तीन एका खाणावळीच्या डब्याचे. डब्यात रोज बटाटा. सोमवारी रस्सा, मंगळवारी सुका, बुधवारी वाटाण्याच्या सोबतीनं. महिना भरला तसा मी डबा बंद केला, पाच किलोचं छोटं सिलिंडर आणि एक शेगडी घेतली. भांडी म्हणजे ती लोखंडी कढई, एक पातेलं, तवा, आणि आईनं कपड्यांच्या घडीत कोंबलेलं आप्पेपात्र. त्याच बॅगेत कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'ही निघालं. 1970 साली आलेलं हे पुस्तक आमच्या घरी दोनदा बाइंड झालंय. वाटी आणि चमचा एवढ्या दोन मापांवर त्यानं कित्येक नवशिक्यांना तारलं. मला वाटलं, मीही तरेन.

घोडं अडलं ते भाजीपाशी. पुस्तकात कोबी, फरसबी, चवळी. मार्च संपला तशी बगरूच्या बाजारातली पालेभाजी दुपारपर्यंत माना टाकायला लागली, आणि जी ताजी असे ती माझ्या हिशेबात बसत नसे. खाली चाचीजींच्या घरात सात माणसं जेवत. त्यांच्याकडे आठवड्यातून फार तर तीनदा हिरवी भाजी यायची, तरी रोज ताटात भाजी असायचीच. कधी पापडाची, कधी मंगोडीची, म्हणजे आपल्या सांडग्यांच्या चुलतबहिणीची, कधी मेथीदाण्यांची, बाकी बेसनाची. डब्यांतून, बरण्यांतून निघणाऱ्या भाज्या. आपल्याकडेही माणदेशात, मराठवाड्यात हेच चालतं: पिठलं, डुबुकवड्या, पाटवड्यांचा रस्सा. पण आमच्या घराला पंचगंगेच्या काठची भाजी मिळालेली, त्यामुळे पिठलं म्हणजे उशीर झालेल्या रात्रीचं जेवण असाच माझा समज. इथं ते दुपारचं, पाहुण्यासमोरचं जेवण होतं.

म्हणून गट्टे, म्हणजे बेसनाच्या उकडलेल्या वळ्यांची भाजी, शिकायचे ठरवले. पहिला प्रयत्न मी कुणाला न विचारता केला. पाटवड्या येतात, त्यात काय एवढं, अशा तोऱ्यात. बेसन पाण्यात भिजवलं, वळ्या केल्या, उकळत्या पाण्यात सोडल्या. अर्ध्या विरघळल्या, अर्ध्या इतक्या कडक झाल्या की कापताना सुरी घसरली. पातेल्यातलं गढूळ पाणी मोरीत ओतलं. नेमक्या त्याच वेळी चाचीजी गच्चीवर वाळवण उलटायला आल्या.

"पाणी टाकलंस?" त्यांनी हिंदीत विचारलं. गट्टे कसे झाले हे विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या आणि माझ्या शेगडीसमोर पाट घेऊन बसल्या. वाटी त्यांनी बाजूला सारली. परातीत बेसन, तिखट, हळद, मीठ, ओवा तळहातावर चुरडून. मग तेल. किती? "मुट्ठी बंध जाए इतना." त्यांनी पीठ मुठीत दाबलं, मूठ उघडली, पिठाचा मुटका तसाच राहिला, बोटांच्या खुणांसकट. हे तर आई शंकरपाळ्यांना मोहन घालताना करते तेच. फक्त मी बेसनाला मोहन घातलंच नव्हतं. मग दोन-तीन चमचे दही, आणि पाण्याचा हबका, पीठ पुरीहून घट्ट. त्यांची नखं कायमची काळी, बोटांच्या पेरांवर निळीच्या रेषा. त्या बोटांखाली पीठ पिवळंधमक. करंगळीएवढ्या जाड वळ्या त्यांनी पोळपाटावर फिरवल्या, एकाही वळीला चीर नाही.

उकळत्या पाण्यात सोडल्यावर त्या आधी तळाशी बसल्या. पाचेक मिनिटांत एकेक वर आली. मी चिमटा घेऊन सरसावले तर चाचीजींनी हात धरला. थांब. वळीच्या अंगावर घामोळ्यासारखे बारीक फोड दिसेपर्यंत थांब. दहा-बारा मिनिटांनी ते दिसले. मग वळ्या बाहेर, गार झाल्यावर पेरभर तुकडे. आणि ते पाणी, आदल्या दिवशी मी मोरीत ओतलेलं, पातेल्यातच राहिलं. त्यात बेसनाचा अंश, ओव्याचा वास, मीठ सगळं उतरलेलं. फोडणीत जिरं, हिंग, लाल मिरची, धणेपूड. मग आच अगदी मंद करून घोटलेलं दही, आणि उकळी फुटेपर्यंत डाव फिरता ठेवायचा, नाहीतर दही फाटतं. शेवटी ते पाणी आणि गट्टे. एक वाटी बेसन, वाटीभर दही, कांदा नाही, टोमॅटो नाही. पंचवीस-तीस रुपयांत माझी दोन वेळची भाजी झाली.

छपाईच्या कारखान्यातही टाकून द्यायचं असं काही दिसेना. दाबूची छपाई तुम्ही पाहिली असेल: मातीच्या लगद्याचा ठसा उठवायचा, वर लाकडाचा भुसा भुरभुरायचा, वाळलं की कापड निळीत बुडवायचं, जिथं माती तिथं नीळ चढत नाही. त्या लगद्यात तळ्याची काळी माती, चुना, गोंद आणि किडक्या गव्हाचं पीठ असतं. चांगला गहू नव्हे, किडकाच. त्याला म्हणतात बीधण. माझ्या डब्यातल्या दोन किलो आट्यात एप्रिलमध्ये पोरकिडे झाले तेव्हा मी डबा चाचाजींपुढे ठेवला. ते खूश झाले. माझी सोय त्यात एवढीच की टाकल्याचं पाप लागलं नाही.

चाचाजी भाडं मागायला कधी वर येत नसत, खालूनच विनोद करत. मी मराठी हे कळल्यावर त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं, "मराठे पिछली बार आए थे तो पैसे लेकर गए थे. आप देकर जाना." ती पिछली बार म्हणजे 1748 चा ऑगस्ट. जयपूरच्या गादीवरून ईश्वरीसिंह आणि माधोसिंह या सावत्र भावांत जुंपली होती. मल्हारराव होळकर माधोसिंहाच्या बाजूनं, भरतपूरचा सूरजमल ईश्वरीसिंहाच्या, आणि भर पावसात लढाई झाली ती या बगरूलाच. शाळेत पानिपत तोंडपाठ करून घेतलं, बगरूचं नावही ऐकलं नव्हतं. खोलीचं भाडं मी दर महिन्याच्या एक तारखेला देत राहिले, घराण्याची अब्रू म्हणून.

मे महिन्यात शेगडी पेटवणं म्हणजे शिक्षा. तेव्हा राबडी. रबडी नव्हे, दुधाशी संबंध नाही. ताकात बाजरीचं किंवा जवाचं पीठ कालवायचं, काही तास उन्हात ठेवायचं, मग मंद आचेवर शिजवायचं, रात्रभर निवू द्यायचं आणि सकाळी आणखी ताक घालून, जिरं भुरभुरून, कच्च्या कांद्याबरोबर प्यायचं. आपल्या आंबिलीची सख्खी बहीण. ऊन द्यायचं म्हणून मी पातेलं सकाळी नऊला गच्चीवर ठेवलं आणि कारखान्यात गेले. संध्याकाळी परतले तर पातेल्याबाहेर फेस, आणि वास थेट स्याहीच्या माठाचा. ती गाईच्या वाट्याला गेली. दुसऱ्या वेळी दुपारी दोन तास पुरले. त्यानंतर जून अर्धा होईपर्यंत माझी न्याहारी तीच.

सगळंच जमलं असं नाही. मेथीदाण्याची भाजी मी तीनदा केली, तिन्ही वेळा कडू. उकडून पहिलं पाणी ओतायचं असतं, आणि मी 'फेंकने का क्या है' शिकून बसलेली, ते पाणी रश्शात घातलं. इथं मात्र फेकायचं असतं. आप्पेपात्रात बाटी छान झाली, वरून खरपूस, आतून खुसखुशीत. चाचीजींच्या सुनेनं ते पात्र दोन रविवार उसनं नेलं. केर-सांगरीची हौस भाव ऐकूनच फिटली. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, दुष्काळात माणसं जगवणाऱ्या, आता लग्नाच्या पंगतीत मिरवतात.

आणि मी काही कट्टर शाकाहारी नव्हे. कोल्हापूर जिल्ह्याची मुलगी. रविवारी रस्सा नसला तर घरात कुणीतरी आजारी आहे असं धरून चालतात. खोली देतानाच चाचीजींनी अंडं वर यायचं नाही असं बजावलं होतं. ते मी पाळलं. महिन्यातून दोनदा हायवेवरच्या गाड्यावर अंडाभुर्जी खाऊन, बडीशेप चघळत यायची. चाचीजी काही बोलत नसत. त्या दिवशी फक्त जिन्याशी विचारत, "आज रोटी कम बनाऊं?"

जुलैत पाऊस आला आणि काम मंदावलं. माती वाळेना, कापड वाळेना. त्याच आठवड्यात आषाढी एकादशी, इकडची देवशयनी ग्यारस. चाचीजींच्या देवघरात एक तसबीर होती. सहा महिने मी ती रोज पाहत होते आणि नीट पाहिली नव्हती. त्या दिवशी हार घालायला त्यांनी ती खाली काढली. कमरेवर हात ठेवलेला विठोबा, आणि पुढ्यात नामदेव. राजस्थानातले बरेच छीपा स्वतःला नामदेवाचे म्हणवतात. आपण नामदेवाला शिंपी म्हणतो. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत, तिथंही ते छीपाच. "पंढरपुर तेरे घर से कितना दूर?" चाचीजींनी विचारलं. मी म्हटलं, बसनं चार-पाच तास. "और तू गई कितनी बार?" एकदा, शाळेच्या सहलीला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलून फराळ करते म्हणाले.

साबुदाणा महाग पडला असता. वरीचे तांदूळ बाजारात मोरधन या नावानं मिळाले. दाणे भाजले, चाचीजींच्या पाट्यावर वाटले. हिरवी मिरची, जिरं, आईनं दिलेली शेवटची चार आमसुलं, गूळ, सैंधव. कढई या वेळी स्टीलची, खालून मागून आणलेली. आमटीला उकळी आली तसा चाचीजींनी वास घेतला. "ये तो गट्टे की सब्जी है, गट्टे निकाल के."

त्यांनी एका वाटीत भात, एकीत आमटी काढली आणि तसबिरीसमोर ठेवली. मी हात जोडून उठायला लागले तर त्यांनी पदराला धरून बसवलं. पोरवयाच्या नामदेवाच्या हातचा नैवेद्य विठोबानं खाल्ला ती गोष्ट त्यांना माझ्याहून नीट ठाऊक होती.

"नामदेवजी के हाथ का तो खा लिया था," त्या म्हणाल्या. "तेरे हाथ का देखते हैं."

आम्ही दोघी बसून राहिलो. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. आमटीवर साय धरली. बऱ्याच वेळानं त्यांनी वाटी उचलली, बोटानं चाखली आणि सैंधवाची वाटी माझ्याकडे सरकवली.