पायांवरून ओळखलेला कृष्ण

संगीत नाटकात ऑर्गनवाल्याची जागा रंगमंचाच्या पुढ्यात, खाली. तिथून नटाचा चेहरा बघायचा तर मान वर करावी लागते. नजरेच्या रेषेत येतात ते त्याचे पाय. माझ्या काकांचं गाणं मला कळत गेलं ते त्यांच्या पायांवरून. ताल धरायचा उजव्या पायाचा अंगठा. तान घ्यायची असली की भार डाव्या चवड्यावर जायचा, आणि समेच्या किंचित आधी टाच फळीवर टेकायची. ती टेकली की मी समजायचो, आता उतरणार. तबलजीला खूण करायचीही गरज नसे, त्याचेही डोळे तिथेच असत.

काका मुंबईत नोकरीला होते, गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत त्यांचा संसार. वर्षाची सगळी रजा ते राखून ठेवत त्रिपुरी पौर्णिमेसाठी, कारण राजापूरकडच्या आमच्या गावी तेव्हा देवळाचा उत्सव असतो आणि उत्सवात नाटक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत अशी परंपरा आहे. आरती, पालखी, कीर्तन आटोपलं की मांडवात नांदी सुरू होते आणि तिसरा अंक संपेतो कोंबडा आरवतो. नट सगळे घरचेच: कुणी मास्तर, कुणी आंबेवाला, कुणी चाकरमानी. आमच्याकडे ‘सौभद्र’ ठरलेलं आणि त्यात कृष्ण काकांचा.

‘सौभद्र’ लिहिणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनीही सुरुवात केली ती सरकारी कचेरीतली नोकरी सांभाळूनच. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ उभं राहिलं आणि दोनच वर्षांनी ‘सौभद्र’. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर, भाऊराव कोल्हटकर या मंडळींनी पुढे ज्या संगीत नाटकाचं वैभव केलं, त्याच्या मुळाशी एका नोकरदाराची हौस होती. हौशी म्हणजे कच्चा असं कुणी म्हटलं की मला राग येतो तो म्हणूनच. काकांनी नाटकातून कधी एक पैसा घेतला नाही, उलट पदरचे घातले. पण नक्कल तोंडपाठ नसलेला माणूस त्यांनी तालमीत उभा केला नाही.

तालमी चाळीत, रविवारी दुपारी. काकू एकीकडे बटाटेवडे तळायच्या आणि काका पोरांना सांगायचे, जो बलरामाचा राग हुबेहूब करून दाखवील त्याला पहिला वडा. आम्ही भावंडं गाल फुगवून, डोळे वटारून दारात रांग लावायचो. शेजारचे येऊन बसत, जिन्यातही माणसं. वडे संपले की खरी तालीम. तेव्हा मात्र काकांचा चेहरा बदलायचा. एकेका पदाची उठावणी ते दहादा करून घेत, आणि मला सांगत, “माझं वाक्य संपायच्या आत सूर दे, पण शेवटचा शब्द झाकू नकोस.”

साथीतलं सगळ्यात अवघड काम तेच. गद्य संपून पद सुरू होतं तो सांधा. सूर उशिरा आला तर नट उघडा पडतो, लवकर आला तर संवादाचा टोला फुकट जातो. त्यात काकांची सवय अशी की गावच्या मांडवात ते कृष्णाच्या तोंडी चार वाक्यं पदरची घालत. कुणाच्या मुलीचं लग्न जमलंय, कुणाची म्हैस कुणाच्या कुंपणात शिरली, सगळं द्वारकेत यायचं. लोकांना नाटक पाठ. ते वाट बघत असत नेमकी त्याच जागेची. मांडव हसून लोळायचा. हे शास्त्राला धरून नाही हे मला ठाऊक आहे, तरी मी काकांच्या बाजूचा. ज्या गावासाठी नाटक करायचं ते गावच त्यात नसेल तर रात्र जागायची कशाला? मात्र पदरचं बोलणं आटपत आलं की ते डाव्या खांद्यावरचा शेला सारखा करत. ती माझी खूण. भाता मारून बोट पट्टीवर ठेवायचं. आणि पदात त्यांनी एका अक्षराचा, एका जागेचा फरक केला नाही. चाल पिढ्यांनी जपून दिलेली आहे, म्हणायचे, ती आपली नव्हे.

आमचा ऑर्गन पायाने चालवायचा, जुना विलायती. पेटीत हवा आतून बाहेर ढकलली जाते, ऑर्गनमध्ये ती ओढून घेतली जाते. म्हणून त्याचा सूर मऊ आणि लांब टिकणारा. पण कोकणच्या पावसात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, सुरांवर कळंक चढतो. दिवाळीनंतर तो उघडून उन्हात ठेवावा लागे. एसटीच्या रस्त्यावरून खाली देवळापर्यंत पऱ्ह्या ओलांडून तो खांद्यावर न्यायचा. एक खांदा दरवर्षी काकांचा असे, अगदी साठी उलटल्यावरही.

आवाज उतरतो तो सगळ्यांचाच. तरुणपणी काका काळी दोनमध्ये मोकळे गात. मग पांढरी दोन आली. एका वर्षी तालमीत वरच्या षड्जावर ते थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “काळी एक कर रे. ओढून गायलेलं लोकांना कळतं, आणि कृष्णाला ओढाताण शोभत नाही.” आम्हा साथीदारांना हे सोपं नसतं. सुभद्रेची पट्टी वेगळी, कृष्णाची वेगळी, तबल्याच्या पुड्या दोन लावून ठेवायच्या, एकाच प्रवेशात उड्या मारायच्या. पण स्वतःहून पट्टी उतरवणारे नट मी फार थोडे पाहिले आहेत. शेवटी शेवटी पांढरी एकमध्ये गायले, आणि मला विचाराल तर त्यांचं सर्वांत भरलेलं गाणं तेच. ताना कमी झाल्या होत्या, शब्द मोठा झाला होता.

घरी त्यांचा खरा परीक्षक काकू. पहाटे रंग उतरवताना त्या खोबरेल तेलाची वाटी घेऊन समोर बसत आणि सांगत, दुसऱ्या अंकात अमुक वाक्य गिळलंत. काका तेलकट तोंडानेच ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवत, काकूंचं समाधान होईपर्यंत. सुभद्रेचं काम पुरुष करत होते तोवर नेसायला शालू काकूंचाच जायचा, आणि त्यावर डाग पडला की भांडण आधी सुभद्रेशी, मग कृष्णाशी. नातवंडांना ताप आला की तीच पदं काका खर्जात गुणगुणत खोलीभर फिरत.

गेल्या पावसाळ्यात काका गेले. चौदाव्या दिवशी जेवताना म्हशीचा किस्सा निघाला आणि पंगत हसत सुटली, काकूही.

यंदा कृष्ण त्यांचा धाकटा नातू करतो आहे. काकांच्या नकलेची वही त्याच्याकडे आहे. समासात पेन्सिलीने श्वासाच्या जागा मांडलेल्या. पण पोराचा दम लांब आहे, त्या जागांवर तो थांबत नाही. मी त्याला थांबवलेलंही नाही. तो काळी तीनमध्ये गातो, आणि तान घेताना उजव्या चवड्यावर उभा राहतो. सम कुठे येणार हे मला अजून नीट लागत नाही. रविवारी पुन्हा तालीम आहे.