लगतची बाजू

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा, दुसऱ्यावर आमची अष्टमी. नगरपरिषद दोघांची एकच. इथली भातखाचरं कुणी फूटपट्टीने आखलेली नाहीत. उतार आणि पाणी जिकडे नेईल तिकडे बांध पडत गेले. त्यामुळे चौकोन म्हटला की माझ्यापुढे आयत उभा राहत नाही, चार बाजू चार तऱ्हेच्या असलेलं खाचर उभं राहतं.

शाळेत व्याख्या पाठ झाली: ज्या दोन बाजूंचा एक शिरोबिंदू सामाईक, त्या लगतच्या, बाकीच्या संमुख. समांतरभुज चौकोन ओळखायचा संमुख बाजूंवरून, पतंग ओळखायचा लगतच्या बाजूंवरून. पण व्याख्येतला जीव कळला तो बाईंनी बांबूच्या चार सारख्या पट्ट्या टाचण्यांनी जोडून दाखवल्या तेव्हा. कोपरा दाबला की चौरसाचा समभुज चौकोन होई. पट्ट्या तेवढ्याच, आतली जागा मात्र आक्रसत जाई.

हा हिशेब शेताला लावला की छाती धडधडते. ३३ फुटांच्या चार बाजू काटकोनात असल्या तर १,०८९ चौरस फूट, म्हणजे पुरता एक गुंठा. त्याच बाजूंमधला एक कोन ३० अंशांवर आला की उरतो अर्धा गुंठा! बांध चारही तेवढेच, भात निम्मं. ज्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५०च्या ‘लीलावती’त हेच बजावलं आहे. कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते चक्क पिशाच म्हणतात, आणि सांगू पाहणाऱ्याला त्याहून मोठं. मला हा राग फार आवडतो. तो जमिनीची कदर असलेल्या माणसाचा वाटतो.

घर बांधताना गवंड्याने पायाच्या कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांवर खूण केली, लगतच्या दोरीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये बरोबर ५ फूट भरेपर्यंत दोरी सरकवत राहिला. भिंतींची लांबी त्याने नंतर घेतली.

वडिलोपार्जित खाचराची मोजणी झाली तेव्हा मी बांधावर उभी होते. आमच्या कोपऱ्याच्या दगडाशी चार खाचरं भेटतात. तो हातभर जरी हलला, तरी प्रत्येक खाचराच्या दोन-दोन बाजू बदलतात. म्हणून मोजणीची नोटीस लगतच्या खातेदारांनाही जाते, आणि त्या दिवशी तेही दगडापाशी येऊन उभे राहिले होते.