मागचा पडदा

शाळेच्या फॉर्मसाठी मुलांचे पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो लागतात. म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी मी फोटो एडिटिंग शिकायला बसलो. 'गिम्प' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेच घेतलं. सरावाला मरहूम अब्बांचा स्टुडिओतला जुना फोटो स्कॅन केला. मागे रंगवलेला पडदा : बाग, कारंजं, दोन मोर.

खांद्यांची कड सहज जमली. अडलं टोपीपाशी. जाळीच्या प्रत्येक छिद्रातून बाग डोकावत होती. खोडरबर फिरवला की टोपीच पुसली जायची. मग लेयर मास्क शिकलो. मास्कवर काळा रंग दिला की तेवढा भाग झाकला जातो, पांढरा दिला की पुन्हा दिसतो. मूळ फोटो शाबूत राहतो. तीन रात्री गेल्या.

मोठ्या हौसेने अम्मीला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बेटा, बाग किधर गया? वो पर्दा मैंच पसंद करी थी. निकाह के बाद साथ गए थे ना."

मी मास्कवर पांढरा रंग फिरवला. आधी मोर आले, मग कारंजं.

फॉर्मला पांढरी पार्श्वभूमी ठीक आहे. घरच्या फोटोत मात्र माणसाच्या मागे कुणाची तरी पसंती उभी असते. ती खोडण्याआधी विचारावं.