न झालेला पेपर

महागावातील आमची दहावीची तुकडी अखेरची एकत्र आली ती २१ मार्च २०२० रोजी, इतिहासाच्या पेपरला. बाहेर पडताना माझ्या बाकावरील सोबत्याने नकाशांची वही माझ्या हाती दिली. "सोमवारी परत घेईन," म्हणाला. परंतु सोमवारचा भूगोलाचा पेपर महामारीमुळे लांबणीवर पडला व पुढे रद्दच झाला. त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने मिळाले. निरोपाचे तसे कुठे होते? मी महाविद्यालयात गेलो. मला वर्षानुवर्षे गणित समजावून देणारा तो मात्र घरच्या ओढगस्तीपायी पुण्याला बांधकामावर गेला. आभार मानायचे राहूनच गेले. वही अजून माझ्यापाशी आहे. या दिवाळीला तो गावी येईल, तेव्हा ती घेऊन त्याच्या दारी जाणार आहे.