‘हृदयस्पर्शी’ आणि सल

काही वर्षांपूर्वी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना ‘पॉयनंट’ या विशेषणापाशी मी अडलो आणि शेवटी ‘हृदयस्पर्शी’ लिहून मोकळा झालो. तो पर्याय मला आजही सलतो.

‘पॉयनंट’ इंग्रजीत आला तो फ्रेंचमधून. त्याचे मूळ ‘टोचणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. चौदाव्या शतकात चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये तो सॉसच्या झणझणीतपणासाठी योजला. ‘पंक्चर’ आणि विरामचिन्हांचा वाचक ‘पंक्चुएशन’ हे शब्दही त्याच कुळातले. म्हणजे या विशेषणात भावनेच्या खोलीपेक्षा तिच्या टोकाचा निर्देश अधिक आहे. मराठीलाही ही जाण आहे. मिरची झोंबते, तसा शब्दही झोंबतो; बोलणे जिव्हारी लागते. मात्र आपली ही क्रियापदे बहुधा अपमानाशी बांधलेली आहेत. करुणाची वेळ आली की आपण ‘हृदयस्पर्शी’, ‘हृदयद्रावक’ यांकडे वळतो. तेथे टोचणे जाऊन स्पर्श आणि विरघळणे तेवढे उरते. अपवाद ‘सल’ या शब्दाचा. संस्कृत ‘शल्या’पासून आलेला हा शब्द आपले टोक राखून आहे.

मी वसतिगृहात असताना वडिलांचे एक पोस्टकार्ड आले होते. पावसाची, पेरणीची हकीकत आणि शेवटी, आईची प्रकृती बरी आहे, एवढेच. वडील एरवी विरामचिन्हे वापरीत नसत. या वाक्यापुढे मात्र ठळक पूर्णविराम होता. आई त्या वेळी इस्पितळात होती, हे मला सुटीत घरी गेल्यावर कळले. त्या पत्रात हृदयाला स्पर्श करण्याचा हेतू नाही. उलट, तो टाळण्याचीच धडपड आहे. टोचतो तो पूर्णविराम.

आईच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या छायाचित्रविषयक ग्रंथात (१९८०) रोलाँ बार्थने पाहणाऱ्याला अवचित टोचणाऱ्या तपशिलाला ‘पुंक्तुम’ म्हटले, तेही याच धातूवरून. आईच्या बालपणीच्या छायाचित्राविषयी त्याने तेथे विस्ताराने लिहिले, पण ते छापले नाही. इतरांना ते टोचणार नाही, अशी त्याची धारणा होती.

‘हृदयस्पर्शी’ म्हणताना समीक्षक केवळ स्वतःच्या हृदयाची ग्वाही देतो. ‘पॉयनंट’चा मूळ अर्थ ध्यानी ठेवला, तर टोक संहितेत नेमके कोठे आहे, हे त्याला दाखवावे लागते. तो अनुवाद पुन्हा हाती आला, तर मी प्रतिशब्दाआधी ती जागा शोधीन.