अंधारातले पंच

चित्रपटगृहाच्या अंधारात बसलेला मनुष्य मोठा विलक्षण पंच असतो. तो पदरचे पैसे मोडून न्यायदानाला येतो, साक्षी चालू असता मोकळेपणाने रडतो, आणि दिवे लागण्यापूर्वी आपला निकाल देऊन टाकतो. वकिली पेशामुळे असेल, पण प्रेम आणि सूड यांच्या मिश्रणातून सिद्ध झालेले एखादे भडक नाट्य पाहताना माझे लक्ष पडद्यापेक्षा या पंचांकडेच अधिक वेधले जाते.

१९९३ च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झालेला अब्बास-मस्तान यांचा ‘बाजीगर’ घ्या. त्याचे मूळ आयरा लेव्हिन यांच्या ‘अ किस बिफोर डाइंग’ या १९५३ मधील कादंबरीत आहे. त्या कादंबरीतला तरुण धनाढ्य बापाच्या मुलीला विवाहाच्या परवान्याचे निमित्त करून नेतो आणि इमारतीच्या गच्चीवरून ढकलून देतो, तो निव्वळ संपत्तीच्या लोभाने. वाचकाला त्याची घृणाच येते. हिंदी चित्रपटात गच्ची तीच आणि कृत्यही तेच. परंतु लोभाच्या जागी सूड आला. मदन चोप्राने मुखत्यारपत्राच्या बळावर नायकाच्या बापाचा व्यवसाय गिळंकृत केलेला, बाप आणि तान्ही बहीण मृत्युमुखी पडलेली, आई भ्रमिष्ट झालेली. एवढा मजकूर फिर्यादीत भरताच पंचांचे मन पालटते. तीन निरपराध जिवांचा बळी घेणाऱ्या या भूमिकेबद्दल शाहरुख खान यांना ‘फिल्मफेअर’चे पारितोषिक लाभले, तेही खलनायकाचे नव्हे, उत्कृष्ट अभिनेत्याचे!

माझी मावशी मोठी पापभीरू बाई आहे. दूरचित्रवाणीवर हा चित्रपट लागला की गच्चीच्या प्रसंगी ती पदर तोंडाला लावून म्हणते, “मेल्या, काय रे केलंस हे!” आणि अखेरीस तोच तरुण रक्तबंबाळ होऊन आईच्या कुशीत प्राण सोडतो, तेव्हा त्याच पदराने डोळे टिपते. एकदा मी तिची उलटतपासणी घेतली. “मावशी, त्यानं तीन माणसं मारली, त्याचं काय?” ती शांतपणे म्हणाली, “अरे, म्हणून तर तो मेला ना! पण त्याच्या आईचं तोवर कुणी ऐकून घेतलं होतं का?”

या उत्तराने मी निरुत्तर झालो. रडणारा प्रेक्षक गुन्हेगाराला क्षमा करतो, असा सुशिक्षितांचा समज आहे. तो खरा नव्हे. नायक शेवटी जिवंत घरी परतला असता तर मावशीलाही ते रुचले नसते. तिची शिक्षा देहान्ताचीच आहे. मात्र ती देण्यापूर्वी सारी कहाणी ऐकली गेली पाहिजे, एवढाच तिचा आग्रह.

कायद्याची वाट निराळी. मनातले दुःख कितीही खरे असले तरी ते खुनाचे समर्थन होत नाही. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ झाला असेल तर अपराधाची तीव्रता कमी होते खरी. पण वर्षानुवर्षे जोपासलेल्या सूडाला आकस्मिक कोण म्हणेल? तरीही हाडामांसाचे पंच प्रत्यक्ष न्यायालयात प्रेक्षकांसारखे वागल्याचा दाखला आहे. पत्नीच्या प्रियकराच्या खुनाबद्दल नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावर मुंबईत १९५९ मध्ये खटला चालला, तेव्हा नऊपैकी आठ ज्यूरींनी त्यांना निर्दोष ठरविले. न्यायाधीशांना ते मान्य झाले नाही, आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची जन्मठेप कायम केली.

पंचांच्या अश्रूंना माझा आक्षेप नाही. ते सारे एकाच बाजूला वाहतात, ही माझी तक्रार आहे. गच्चीवरून पडलेल्या सीमाची आत्महत्या मानून सारे मोकळे होतात. तिची बहीण प्रिया तेवढी शोध घेत राहते, आणि तिलाही कथेने खुन्याच्याच प्रेमात पाडलेले! चित्रपट संपेतो सीमा कोणाच्या ध्यानीही उरत नाही. लोक घरी जाताना ‘त्याच्या आईचे कसे होईल’ असे हळहळतात.

मडगावात एका खुनाच्या खटल्यात दिवसभर साक्षी झाल्या. आरोपीचे बालपण, त्याचे दारिद्र्य, त्याचा झालेला अपमान, सारे तपशीलवार पुढे आले, आणि ते येणे न्यायाला धरूनच होते. मुलीचा उल्लेख मात्र प्रत्येकाच्या तोंडी ‘मयत’ एवढाच. सायंकाळी बाहेरच्या बाकावर बसलेल्या तिच्या आईने मला थांबविले. आत काय चालले होते ते तिला नीटसे उमगले नव्हते. शिक्षा किती होईल, हे तिने विचारले नाही. ती एवढेच म्हणाली, “बाब, आज तिचें नांव कोणें तरी घेतलें?”